गाऱ्हाणे, फिर्याद आणि तक्रार

खासबाग, शहापूर आणि वडगाव या बेळगाव शहराच्या दक्षिणेकडील, एकमेकींना लागून असलेल्या वस्त्या विणकरांच्या म्हणून ओळखल्या जातात. पूर्वी येथे हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले याच घरांतली. काही वर्षांपूर्वी त्यांपैकी एका मुलाचे आजोबा आमच्याकडे आले. शाळेच्या नोंदपुस्तकात नातवाच्या आडनावातील एक काना गळाला होता, आणि ते चुकलेले आडनाव आता दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर चढणार होते. ते पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही बैठकीत होतो; दुसऱ्यांदा आले तेव्हा लेखनिक रजेवर होता. तिसऱ्यांदा ते दारात दिसताच आमच्या तोंडून निघून गेले, "अहो, तीच तक्रार किती वेळा करणार?" म्हातारबुवा जागचे हलले नाहीत. टोपी सारखी करीत म्हणाले, "तक्रार न्हवं सर, गाऱ्हाणं हाय. तक्रार करायला तुमचं माझं भांडण हाय काय?"

काना त्याच दिवशी दुरुस्त झाला. ते वाक्य मात्र आमच्या मनातून जाईना. त्याला आणखी एक कारण होते. त्याच सुमारास एका इंग्रजी परिपत्रकाचे मराठी करून शिक्षकांना देण्याचे काम आमच्याकडे आले होते. त्यात ‘ग्रीव्हन्स’ हा शब्द आला, तेथे आम्ही ‘तक्रार’ असे लिहिले. पुढे ‘कम्प्लेंट’ आला, तेथेही ‘तक्रार’. शेवटच्या परिच्छेदात ‘ऑब्जेक्शन’ होते. लेखणी सवयीने पुन्हा ‘तक्रार’ लिहू लागली, तेव्हा कोठे आम्ही थांबलो. इंग्रजीचे तीन शब्द आम्ही मराठीच्या एकाच पोत्यात भरीत होतो. आणि ज्याला शाळेत चार इयत्तांपेक्षा अधिक शिकता आले नव्हते असा एक विणकर आम्हांस सांगत होता की, हे पोते एक नाही, दोन आहेत. भाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसास ही गोष्ट लागावी तितकी लागली. पुढील विवेचन त्या लागण्यातून निघालेले आहे.

प्रथम ‘तक्रार’ हाच शब्द घेऊ. तो मूळचा अरबी, आणि तेथे त्याचा अर्थ ‘पुनरावृत्ती’, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे किंवा बोलणे, असा आहे. फारसीतून तो हिंदुस्थानात आला. एकच मुद्दा दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा मांडला जाऊ लागला की वादावादी होते. म्हणून उर्दूत आणि हिंदीत त्यास भांडणाचा अर्थ चिकटला. तेथे प्रियकर-प्रेयसीची देखील ‘तकरार’ होते, आणि तीत कोणी कोणाविरुद्ध अर्ज करीत नसतो. जुन्या मराठीतही हाच अर्थ मुख्य असावा, असे ‘तंटातक्रार’ या जोडशब्दावरून दिसते. आपले जोडशब्द बहुधा समानार्थी पदांचे असतात. बाजारहाट, कागदपत्र, कामधंदा ही त्याची उदाहरणे वाचकांस ठाऊक आहेतच. तंट्याच्या शेजारी तक्रार बसली ती तंट्याची सखी म्हणून. खरेदीखतात विकणारा ‘कोणी तंटातक्रार केल्यास आम्ही निवारून देऊ’ असे लिहून देतो, तेथे त्याला हरकत, आडकाठी अभिप्रेत असते. महसुलात फेरफाराच्या नोंदीस कोणी हरकत घेतली की ती ‘तक्रारी नोंद’ होते. तीतील तक्रार म्हणजे वाद. हे दस्तऐवजी मराठी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना येथेही चालत होते. आणि कानडीत ‘तकरारु’ म्हणजे आजही मुख्यत्वे हरकत किंवा वाद. तेव्हा आमच्या विणकर आजोबांनी ‘भांडण हाय काय?’ असे जे विचारले, त्यात अडाणीपणा नव्हता. शब्दाचा जुना अर्थ त्यांच्याजवळ शाबूत होता, आमच्याजवळून तो गेला होता. गंमत अशी की आमच्या ‘किती वेळा’ या दोन शब्दांत त्याहूनही जुना, थेट अरबी अर्थ नकळत येऊन बसला होता!

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांच्या कागदांत ‘तकरीर’ असा एक शब्द वारंवार भेटतो. वादी-प्रतिवादी आपापली हकीकत लिहून देत, ती तकरीर. हा शब्द ‘तक्रार’ नव्हे. दोन्ही अरबी असले तरी धातू निराळे. तकरीर म्हणजे निवेदन, कथन. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथात या निवाड्यांची सगळी रीत तपशिलाने आली आहे. मराठी कानाने पुढे या दोन शब्दांतील ध्वनींची जवळीक ओळखली असेल आणि निवेदनाचा थोडा रंग तक्रारीस त्यामुळे चढला असेल, असा आमचा एक तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

‘गाऱ्हाणे’ या शब्दाचे घर अगदी वेगळे. व्युत्पत्तिकार तो संस्कृत ‘गर्हण’ या शब्दापासून काढतात. गर्ह् म्हणजे निंदा करणे, दोष देणे. ‘गर्हणीय’ हे विशेषण आपण अजून वापरतो. म्हणजे मुळात हा शब्द चांगलाच धारदार होता. मराठीत येता येता त्याची धार कोणी बोथट केली, याचा विचार करू लागले की डोळ्यांसमोर गौळणींचे चित्र उभे राहते. गोकुळातल्या बाया कृष्णाच्या खोड्या सांगायला यशोदेकडे येतात. दोष तर देतात, पण ज्याला देतात त्याचे कौतुकही लपवीत नाहीत, आणि जिच्यापुढे देतात तिच्याशी त्यांचे भांडण नसते. संतांच्या गौळणींनी हा प्रसंग शतकानुशतके मराठी मनात घोळविला आहे. करुणापर अभंगांत तर भक्त थेट देवालाच दोष देतो आणि तरीही त्याच्याच पायाशी बसून राहतो. निंदेचा शब्द जवळिकीचा झाला तो या परंपरेत, असे आम्हांस वाटते.

कोकणात हा शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला. सावंतवाडीकडे आणि गोमंतकात ग्रामदेवतेपुढे ‘गाऱ्हाणे घालतात’. गावकर किंवा गुरव देवापुढे उभा राहून मोठ्याने बोलू लागतो. गावात पाऊसपाणी वेळेवर पडू दे, पोराबाळांना सुखी ठेव, कोणाची काही चूकभूल झाली असेल तर ती पोटात घाल, असे एकेक मागणे तो मांडतो. आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात. या गाऱ्हाण्यात निंदा औषधालाही नाही. कोणाविरुद्ध काही सांगावयाचे नाही. आहे ती फक्त विनवणी, आणि तीही एकट्याची नव्हे, सबंध गावाची. घाट चढून बेळगावात येऊन राहिलेली कोकणी घरे थोडी नाहीत. त्यांच्या बोलीतून हा अर्थ येथील मराठीत मुरला असेल तर नवल नाही.

क्रियापदांकडे पाहिले तरी भेद कळतो. गाऱ्हाणे सांगतात, घालतात, मांडतात, ऐकतात. तक्रार करतात, नोंदवितात, मागे घेतात, फेटाळतात. ऐकणारा नसेल तर गाऱ्हाणे घडतच नाही. तक्रार मात्र एखाद्या पेटीत टाकून घरी जाता येते. म्हणून ‘तक्रारपेटी’ हा शब्द कानाला खटकत नाही, आणि ‘गाऱ्हाणेपेटी’ असा शब्द करू म्हटले तर जीभ अडते.

या दोहोंच्या मध्ये ‘फिर्याद’ उभी आहे. फारसी ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेली आरोळी. तिला उत्तर म्हणून मिळावयाची ती ‘दाद’, म्हणजे न्याय. ‘दादफिर्याद’ असा जोडशब्द मराठीने केला, त्यात मागणे आणि मिळणे ही दोन्ही टोके आली. पुढे दाद शब्दाने मजेदार वळणे घेतली. गायकाला आपण दाद देतो. हट्टी आजार औषधाला दाद देत नाही. आणि कचेरीत चार खेटे घालूनही दाद लागत नाही. शिवकालात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु फिर्याद, दाद आणि अर्ज हे तिन्ही शब्द रयतेच्या तोंडून हलले नाहीत. अडलेला माणूस ज्या शब्दाने दार ठोठावतो तो शब्द कोशाच्या आज्ञेने बदलत नाही. इंग्रजी अमलात फिर्याद फौजदारी न्यायालयात स्थिरावली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ‘कम्प्लेंट’ची व्याख्या दंडाधिकाऱ्यापुढे, त्याने कारवाई करावी म्हणून केलेले कथन, अशी केली होती, आणि पोलिसांचा अहवाल तीतून वगळला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु लोकव्यवहारात पोलीसचौकीवर जाणारा प्रत्येक जण ‘कम्प्लेंट द्यायला’च जातो.

ज्या शब्दांना ऐकणारा नाही असेही शब्द मराठीत उदंड आहेत: कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस. हे सगळे नादाचे शब्द आहेत. बैलगाडीचे चाक वंगणावाचून कुरकुरते आणि कामाला जुंपलेला माणूसही कुरकुरतो; दोघांच्या आवाजात भाषेने फरक केला नाही. ‘किरिकिरी’ कानडीतही आहे. माणसाच्या बोलण्यातला अर्थ काढून घेतला आणि निव्वळ आवाज उरविला की असे शब्द तयार होतात. ते नेहमी ऐकणाऱ्याने बनविलेले असतात. मी कुरकुर करायला आलो आहे, असे कोणी स्वतःविषयी सांगत नाही. शाळेत याच जातीचे दोन शब्द आहेत, चहाडी आणि कागाळी. एका मुलाने दुसऱ्याविषयी काही सांगितले की आपण शिक्षक क्षणात ठरवून टाकतो, ही चहाडी. खरोखर मार खाल्लेले मूल त्यानंतर तोंड उघडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आम्हांस तो आहे, आणि त्यात आम्ही ठरविणाऱ्यांच्या बाजूला होतो.

आता इंग्रजीकडे वळू. ‘कम्प्लेन’ हे क्रियापद ज्या लॅटिन धातूपासून निघाले त्याचा अर्थ छाती पिटणे असा आहे. म्हणजे ती मुळात शोकाची क्रिया. इंग्रजीत ‘कम्प्लेंट’ म्हणजे दुखणेही होते, आणि तेथूनच आपण ‘पोटाची तक्रार’, ‘सांध्यांची तक्रार’ हे प्रयोग घेतलेले दिसतात. ‘ग्रीव्हन्स’चे मूळ लॅटिनमधील ‘जड’ या अर्थाच्या विशेषणात आहे. ग्रीव्हन्स म्हणजे अंगावर पडलेला भार. तो ज्याने उचलायचा त्याने उचलून बाजूला ठेवावा, अशी अपेक्षा या शब्दातच आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने प्रजेचे ग्रीव्हन्स आधी दूर करा, मगच राजाला पैसा मंजूर करू, असा आग्रह धरला, आणि राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क १६८९ मध्ये कायद्याने मान्य करून घेतला. तेव्हा या शब्दामागे रडगाणे नव्हते. राजसत्तेशी केलेली देवघेव होती. कुरकुरीच्या कुळातला शब्दही इंग्रजीत आहे. ‘ग्राउज’ हा तो शब्द १८८५ च्या सुमारास ब्रिटिश लष्करी बोलीत प्रकट झाला; त्याचे मूळ अद्याप अनिश्चितच आहे. बराकीत बसून रसद, ऊन आणि सुभेदार यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सोल्जरांचा तो शब्द. बेळगावच्या कॅम्पात असे सोल्जर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्या तोंडचे इतर शब्द येथे रुळले, हा मात्र रुळला नाही. आमच्याकडे कुरकुर आधीपासून होती, हे त्याचे कारण असावे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील सुशिक्षितांनी इंग्रजी ग्रीव्हन्सची ही परंपरा उचलली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. पुण्यास २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा निघाली. तिचे वैशिष्ट्य असे की सभासदाने लोकांचे मुखत्यारपत्र आणावयाचे असे. आपण कोणाच्या वतीने गाऱ्हाणे सांगतो आहोत, हे त्याला कागदावर दाखवावे लागे. कोकणातला गावकर जे ‘व्हय महाराजा’च्या गजरात करतो, तेच गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखत्यारपत्राने साधले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढच्या पिढीला हा मार्ग अपुरा वाटला. ‘अर्जविनंत्यांचे राजकारण’ हा शब्दप्रयोग हेटाळणीचा झाला. लोकमान्य टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी होमरूल लीग स्थापन केली ती याच बेळगावात. परंतु अर्ज हास्यास्पद ठरला तो ऐकणाऱ्याने ऐकणे सोडले म्हणून. सांगणाऱ्यांच्या भाषेत काही उणे होते म्हणून नव्हे, हे त्या हेटाळणीत विसरले गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसापासूनचा सीमाप्रश्नाचा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, त्यात निपाणी आणि खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असे सुचविले. महाराष्ट्राने तो मान्य केला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आपल्या विषयास लागू अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा शिक्षकवर्गात आम्ही क्वचितच ऐकली आहे. भारताच्या राज्यघटनेचे ३५० वे कलम केवळ गाऱ्हाण्याच्या भाषेविषयी आहे! कोणत्याही ग्रीव्हन्सच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस ते देते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे ३५०-क आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे ३५०-ख ही दोन कलमे त्यास सातव्या घटनादुरुस्तीने जोडली गेली, आणि तीही १ नोव्हेंबर १९५६ याच दिवशी अमलात आली. बेळगाव म्हैसुरात गेले त्या दिवशीच बेळगावच्या मराठी माणसास ही कलमे मिळाली. पुढे त्या विशेष अधिकाऱ्याचे एक विभागीय कार्यालयही बेळगावात झाले.

या कलमाची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. हिंदी पाठात ग्रीव्हन्ससाठी ‘व्यथा’ हा शब्द योजिला आहे. व्यथा म्हणजे वेदना. ती मनात राहिली तरी व्यथाच असते, तिला अधिकारी लागत नाही. ग्रीव्हन्समधील भार आणि भार उतरविणारा हात, हे दोन्ही तीत नाहीत. ‘तक्रार’ म्हणावे तर भांडणाचा वास येतो. आमच्या मते येथे एकच शब्द चपखल बसतो, तो म्हणजे गाऱ्हाणे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कलम निवेदन देण्याच्या भाषेविषयी बोलते. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याविषयी ते मौन पाळते. मराठीत दिलेला अर्ज स्वीकारावा लागतो. त्याचे उत्तर ज्या भाषेत येते ती आजोबांना वाचता येत नाही. मग ते तोच अर्ज घेऊन पुन्हा येतात. खिडकीतला माणूस म्हणतो, किती वेळा? गाऱ्हाण्याची तक्रार होते ती येथे, अगदी अरबी अर्थाने. ही स्थिती एकट्या बेळगावची नाही. महाराष्ट्रातील कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या खेडुताचा अनुभव फार निराळा असेल असे मानण्यास आधार नाही.

कानडीचा उल्लेख आला म्हणून, आमच्या शाळेतील कानडीच्या शिक्षकांनी नजरेस आणून दिलेली एक गोष्ट येथे नमूद करतो. अरबी ‘हाल’ शब्दाचे अनेकवचन ‘अहवाल’, म्हणजे स्थिती, वर्तमान. मराठीत अहवाल म्हणजे आयोगाने, समितीने, अधिकाऱ्याने लिहिलेले प्रतिवेदन. कानडीत ‘अहवालु’ म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यापुढे मांडलेले गाऱ्हाणे; ‘अहवालु’ स्वीकारण्यासाठी तेथे अधिकारी बसतात. मग मराठीच्या अहवालास कानडीत काय म्हणतात? ‘वरदि’. आणि मराठीत ‘वर्दी’ कोण देतो? सामान्य माणूस, चावडीवर किंवा चौकीवर. दोन्ही शब्द एकाच मुळाचे दिसतात. म्हणजे एका भाषेत लोक वर्दी देतात आणि सरकार अहवाल लिहिते. दुसऱ्या भाषेत लोक अहवालु देतात आणि सरकार वरदि लिहिते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन भाषांनी शब्दांची अशी अदलाबदल करावी, आणि ती आम्हां शिक्षकांच्या ध्यानातही येऊ नये! कानडी मुलास ‘अहवाल’ या शब्दाचा निबंध दिला की तो गाऱ्हाणे लिहून आणतो आणि आपण त्यास शून्य गुण देतो. असा एक शून्य आम्हीही दिलेला आहे.

त्या परिपत्रकाचे मराठी आम्ही पुन्हा केले. ग्रीव्हन्सला गाऱ्हाणे, ऑब्जेक्शनला हरकत. कम्प्लेंटला मात्र तक्रारच ठेवली, कारण ‘तक्रारदार’ हा शब्द ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्यानंतर इतका रूढ झाला आहे की तो आता हलविणे शक्य नाही, आणि हलविण्याची गरजही नाही. एका तरुण सहकाऱ्याने शंका काढली की गाऱ्हाणे हा शब्द जुनाट आणि दीनवाणा वाटतो. दीनवाणा तो वाटत असेल, तर त्याचे कारण आपण तो नाटकातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ठेवून दिला आहे, हे आहे. खासबागेत तो कामकाजाचा शब्द आहे.

सभासद शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. खानापूर, चंदगड, निपाणी आणि खाली सावंतवाडीपर्यंतच्या गावांत ‘गाऱ्हाणे’ या शब्दाबरोबर कोणकोणती क्रियापदे येतात, ते कोणापुढे घालतात किंवा सांगतात, स्त्रिया तो शब्द सासरमाहेरच्या बोलण्यात कसा वापरतात, आणि कानडीभाषक शेजारी त्याला काय म्हणतात, हे आपापल्या शाळेतील मुलांकडून टिपून घ्यावे. मुलांनी ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच उच्चारात लिहून आणावे. आपण शुद्धलेखनाच्या लाल शाईने ते सुधारू नये. गावाचे आणि तालुक्याचे नाव प्रत्येक टिपणावर असावे.